डासताई आणि आईंचा एकशे अडुसष्टचा आकडा

सकाळी पावणेसातला आमच्या घरात प्रत्येक जण काहीतरी शोधत असतो. त्या दिवशी नवरा मोजे शोधत होता, लेक कंपासपेटी, मी दुधाच्या पातेल्याचं झाकण, आणि सासूबाई आपल्याशी बोलायला कोणी रिकामं आहे का ते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारं माणूस एकच. घरात कोणी आजारी असेल तर बेलने दचकतं, म्हणून त्या बोटाच्या पेराने दोनदा वाजवतात.

तपासणीसाठी घरोघर जाऊन रक्त घेणाऱ्या या बाई चार वर्षं आमच्याकडे येतात. आमच्या लेकीने त्यांचं नाव डासताई ठेवलं. ते कानावर गेल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या हसल्या. "डास न विचारता घेतो गं. मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी बघते."

त्या दिवशीची चिठ्ठी सासूबाईंची होती. आई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. दोन महिन्यांपूर्वी गुडघे दुखतात, थकवा जात नाही म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं, आणि ते निघालं अकरा. वीसच्या खाली म्हणजे कमी, तीसच्या पुढे गेलं की ठीक, असं डॉक्टरांनी समजावलं. आठवड्याला एक कॅप्सूल, आठ आठवडे, मग पुन्हा तपासणी. आईंनी यातलं एवढंच ऐकलं की आपण नापास झालो.

"अकरा! माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोराला कधी अकरा मिळाले नाहीत."

"आई, ते मार्क नाहीत."

"आकडा आहे, पास व्हायची हद्द आहे, कागदावर नाव आहे. मग मार्क नाहीत तर काय आहे?" आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, "माझ्या गोळ्या माझ्या मी बघेन. कोणी लक्ष घालायचं नाही." मीही नाही घातलं. एक काम कमी झालं, असंच वाटलं होतं मला.

डासताईंचं काम बघत राहावंसं वाटतं. आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करतात, मग दंडाला पट्टा बांधतात. शीर डोळ्यांनी शोधत नाहीत, बोटाने शोधतात, आणि तेव्हा नजर भलतीकडेच असते. चार वर्षांची ओळख असूनही दर वेळी माणसाला स्वतःचं नाव आणि वय बोलायला लावतात. नळीवर चिठ्ठी डकवतात ती त्याच्या डोळ्यांदेखत. "मुंगी चावेल" वगैरे खोटं सांगत नाहीत. "दुखेल. पाचपर्यंत मोजा," म्हणतात. आईंचे चार झाले तोवर कापूस लागलेला होता. नळी त्यांनी खळखळून हलवली नाही, झोपलेलं बाळ या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं तशी सावकाश चार-पाचदा उलटी-सुलटी केली.

या सगळ्यात आई दोनदा बाथरूमला जाऊन आल्या होत्या आणि समोरची पाण्याची बाटली रिकामी झाली होती.

"बाई, तहान फार लागते का हल्ली?"

"लागते. चांगलंच आहे की, पाणी प्यावं म्हणतात."

"आणि जेवण?"

"नको वाटतं. मळमळतं. वय झालं आता."

 डासताई नळ्यांचा डबा बंद करून गेल्या.

संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला. एकशे अडुसष्ट! आकडा ठळक अक्षरांत होता, शेजारी वर जाणारा बाण. आईंनी फोन हातात घेऊन सगळ्या घराला दाखवला, मग बहिणीला कळवलं. "अगं, अकरावरून एकशे अडुसष्ट! तुझे किती गं? बावीस? कर, कर अभ्यास." आम्ही सगळे हसलो. तो बाण माझ्या नजरेत खुपला होता, पण आई इतक्या दिवसांनी खुशीत होत्या. डॉक्टरांना उद्या सावकाश दाखवू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. छापील रिपोर्टचं पाकीट डासताई एरवी खाली पत्रपेटीत टाकतात. आज जिने चढून वर आल्या होत्या, आणि पाकीट हातात दिल्यावरही उंबऱ्यातून हलेनात.

"बाई, त्या कॅप्सूलचं पाकीट बघू जरा?"

आईंनी अभिमानाने कपाटातून बिस्किटांचा जुना डबा आणला. आत रिकामी पाकिटं, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावलेली. "रोज एक. आठ आठवडे. एकही खाडा नाही. आठवड्याला एक म्हणजे मठ्ठ मुलांची चाल. मी दुसऱ्या दुकानातून जास्तीच्या आणल्या."

डासताई खुर्ची ओढून आईंसमोर बसल्या. मग आईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मार्क असते तर मीच पहिली टाळी वाजवली असती. पण हे रक्तदाबासारखं आहे, बाई. कमीही वाईट, जास्तही वाईट. हे लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. तुमची तहान, मळमळ, सारखं उठणं, त्यातलंच असू शकेल." मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही. लॅबमध्ये कळलं तर बोलणी बसतील. डॉक्टरांना फोन लावा. आत्ता."

"दवाखाना दहाला उघडतो."

"दहाची वाट बघू नका."

डॉक्टरांनी फोनवरच कॅप्सूल बंद करायला सांगून आईंना हॉस्पिटलमध्ये बोलावलं. कॅल्शियम खरोखरच बरंच वाढलेलं होतं. चार दिवस सलाइन चाललं. आणखी दोन-तीन आठवडे असेच गेले असते तर मूत्रपिंडं कायमची बिघडली असती, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. 

त्यानंतर दर महिन्याला तपासणी. आईंना आता घसरणाऱ्या मार्कांवर खूश व्हायची सवय लागली आहे. एकशे एकोणचाळीस झाले, एकशे अकरा झाले, परवा शहाण्णव. या फेऱ्यांमध्ये डासताई थोड्या थोड्या कळत गेल्या. लग्नानंतर, धाकटं पोर कडेवर घेऊन लॅबचा कोर्स केलेला. सराव करायला हात मिळेना तेव्हा बस चालवणाऱ्या नवऱ्याने रोज रात्री आपला हात पुढे केला. "त्यांना सुईची एवढी भीती की डोळे मिटून मोठमोठ्याने बसथांब्यांची नावं म्हणायचे." बावीस वर्षांत त्यांनी एकाची नळी चुकूनही दुसऱ्याच्या नावावर टाकलेली नाही. हे मला त्यांच्या लॅबच्या मालकांनी सांगितलं, त्यांनी नाही. दिवसाला बारा-तेरा घरं होतात, आणि तरी कोण सारखं पाणी पितंय हे त्यांना दिसतं. मी त्याच घरात राहते, मला दिसलं नव्हतं.

शहाण्णव आले त्या दिवशी आईंनी त्यांना सोडलंच नाही. साडी घे, पाकीट घे, निदान मिठाई तरी घे. डासताई प्रत्येकाला नको म्हणाल्या. शेवटी आईंचा वर्गातला आवाज निघाला. "काहीतरी माग. त्याशिवाय दार उघडायची नाही."

डासताईंनी पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पहाटे साडेपाचला घर सोडते, ते अकराला लॅबमध्ये पोचते. वहिनी, इथे आले की तुमचं बाथरूम वापरत जाऊ का?"