भागीची रॅम गोमाला

शेणव्याच्या वाचनालयात सहा संगणक होते आणि सहाही गेलेल्या माणसांच्या नावाचे होते. दहा वर्षांपूर्वी शहापुरातलं एक ऑफिस बंद पडलं, तेव्हा ते वापरलेले संगणक विकायला निघाले. त्याच साली गावात सहा घरांत वर्षश्राद्ध होतं. पंगत आटोपशीर ठेवून प्रत्येक घरानं एक संगणक वाचनालयाला दिला. देणगीच्या पंख्यावर, घड्याळावर नाव घालतात तसं प्रत्येक डब्याच्या तोंडावर पिवळ्या ऑइलपेंटनं नाव घातलं. कै. गोमा, कै. भागी, कै. सकुबाई, कै. लखमा, कै. रखमी, कै. कोंडू. खाली ‘यांच्या स्मरणार्थ’.

पुढं ‘कै.’ गळून पडलं.

“गोमा मोकळा हाय का?”

“नाय, गोमावर अनिता बसलीय. तू रखमीवर बस.”

“भागीचं डोकं तापलंय गो आज, चालूच होत नाय.”

परगावचा माणूस हे ऐकून दारातूनच मागं फिरला असता.

हे संगणक सांभाळते लहानी. तिचा पाडा वरच्या अंगाला, पायी पाऊण तास. अकरा वर्षांपूर्वी ती वाचनालयात झाडलोट करायला आली, तेव्हा शिक्षण सातवी. पुस्तकं पुसता पुसता ती वाचायला लागली. छत्तिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली. गणितात गेली, परत बसली, सुटली. मग बारावी, मग ग्रंथालयाचा कोर्स. आज ती ग्रंथपाल आहे, झाडलोटही तीच करते. मी मुरबाडच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होतो. आता रोज सकाळी पेपर वाचायला वाचनालयात जातो. माणूस काम करतो की केल्यासारखं करतो, हे मला दहा मिनिटांत कळतं. लहानी काम करते.

चार वर्षांपासून ती तिथं संगणकाचा वर्ग घेते आणि परीक्षेचं केंद्रही तिथंच आहे. यंदा चौदा जणी होत्या, बाया आणि मुली, बहुतेक पाड्यांवरच्या. डिसेंबरात परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. परीक्षेचं सॉफ्टवेअर यापुढं नव्या विंडोजवरच चालेल. जानेवारीतल्या तिसऱ्या गुरुवारी साहेब तपासणीला येतील. किमान तीन संगणकांवर सराव परीक्षा न अडकता पूर्ण झाली पाहिजे. नाही झाली तर केंद्र बंद, मुलांनी शहापूरला जावं.

मी म्हटलं, “शहापूर काय लांब नाय.”

“तुमाला नाय ज्ञानूदादा,” लहानी म्हणाली. “पण चौदातल्या नऊ जणी घरी बसतील. नावं सांगू?”

तिनं नऊ नावं सांगितली. कोणाचं लेकरू अंगावर पितं, कोणाच्या नवऱ्याला गाडीत बसून गेलेलं चालत नाही, तेही सांगितलं. मी पेपर घडी करून ठेवला.

संगणक जुने. त्यांच्यावरच्या जुन्या विंडोजला कंपनीची मदत बंद झालेली. नवी घालायला गेलं की ती आधी संगणकाची तपासणी करते आणि नाकारते. लहानीनं पहिला प्रयत्न भागीवर केला. पडद्यावर आलं, हा संगणक पात्र नाही.

त्यावर वाट निघते, हे तिनं मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून शोधलं. नवी विंडोज पेन ड्राइव्हवर उतरवताना पडद्यावरच्या एका चौकटीत खूण करायची, म्हणजे ती तपासणी गाळली जाते. शेणव्याला नेट रांगतं, म्हणून ती एसटीनं शहापूरला गेली आणि ओळखीच्या दुकानात बसून पेन ड्राइव्ह तयार करून आली. खूण करायची राहिली होती. भागी पुन्हा म्हणाली, पात्र नाही. लहानी दुसऱ्या दिवशी परत शहापूरला गेली. या वेळी खूण करून झाल्यावर तिचा फोटो काढून आणला. चूक झाली याचं मला काही वाटलं नाही. परत जाताना तोंड वाकडं केलं नाही, हे मी बघितलं.

दुसरी अडचण मेमरीची. प्रत्येक डब्यात चार जीबीची एक पट्टी, तिला रॅम म्हणतात. तेवढ्यावर नवी विंडोज चढते पण चालत नाही, बसून राहते. दोन पट्ट्या असल्या तर चालते. त्या जुन्या जातीची रॅम शहापुरात दोन दुकानांत विचारली. एकाकडं नव्हती. दुसरा म्हणाला, मागवतो, पंधरा दिवस धरा. गुरुवार पाच दिवसांवर होता.

लहानीनं हिशेब केला. सहा पट्ट्या, दोन-दोनच्या तीन जोड्या. तीन संगणक. बरोबर लागतात तेवढे.

रविवारी सकाळी आम्ही डबे अंगणात काढले. सायकलच्या पंपानं धूळ उडवली. भागीतून पालीची दोन अंडी निघाली. स्क्रू मी प्रत्येक डब्याचे वेगळे ठेवले, बाटल्यांच्या सहा झाकणांत. लहानीनं रॅमचे पिवळे दात खोडरबरानं घासले. आधी तिनं हजेरी, पत्रं, जुने निकाल सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ते उघडतंय का ते बघितलं होतं. मला सांगावं लागलं नाही.

कोणते तीन ठेवायचे, हे तिनं माझ्यासमोर ठरवलं. गोमाचा पंखा चांगला, पॉवर सप्लाय चांगला. सकुबाई आणि कोंडू, त्यांचंही तसंच. म्हणून भागीची रॅम गोमाला, लखमाची सकुबाईला, रखमीची कोंडूला. मी मान डोलावली. फिटर म्हणून मीही तेच केलं असतं. दोघांचीही चूक तिथंच झाली.

मंगळवार दुपारपर्यंत तिन्ही संगणकांवर नवी विंडोज चालू झाली. सराव परीक्षा लहानीनं प्रत्येकावर तीनदा घेतली, वेळ वहीत लिहिली. उघडायला दोन मिनिटांच्या आत, अडकली एकदाही नाही. रिकामे तीन डबे आम्ही मागच्या खोलीत ठेवले, खराटा आणि फिनेलच्या डब्यांशेजारी. नावं बाहेरच्या बाजूला.

चार वाजता जगन आला. भागीचा मुलगा, वीटभट्टीवर मुकादम. त्याला पाण्याचा पंप दुरुस्त करणाऱ्याचा नंबर हवा होता. नंबर माझ्याकडं नव्हता म्हणून तो लहानीला शोधत मागच्या खोलीत गेला. बाहेर आला तो डबा पोटाशी धरूनच.

“ही काय जागा झाली ठेवायची? आमच्या आईला खराट्याशेजारी?”

लहानी त्याच्या मागोमाग बाहेर आली. “जगनदादा, ती आई नाय. तो डबा हाय. रिकामा.”

“रिकामा? का रिकामा?”

लहानी खोटं बोलत नाही. तिनं सांगितलं.

जगन गोमाकडं वळला. पडदा चालू होता. “म्हंजी आमच्या आईचं काढून याला घातलंत? ती एकटी पात्र नव्हती काय? आई माझी एका दिसात दोन खाचरं लावायची, म्हाईत हाय काय?”

“म्हाईत हाय.”

“मंग तिला टेबलावर बसवा. तिचं तिला घाला आन चालू करा. नायतर परवा साहेबासमोर हा डबा उचलून घरी नेतो.”

मी म्हटलं, “जगन, यंत्राचं काम हाय, जरा...”

“काका, तुमी पेपर वाचा.”

मी पेपर उचलला. वाचला नाही.

भागीची पट्टी काढली तर गोमा अडकणार. मग दोनच संगणक उरतात आणि केंद्र जातं. लखमाच्या आणि रखमीच्या घरी कळलं तर एकही उरत नाही. लहानीनं हे जगनला सांगितलं नाही. ती म्हणाली, “उद्या सकाळी नवाला या. तुमच्यासमोर घालते. पण पूर्ण होईपर्यंत बसायचं. मधी उठायचं नाय.”

“बसंन की!”

त्याच संध्याकाळी ती लखमाच्या आणि रखमीच्या घरी गेली. आधी विचारायला हवं होतं, असं दोन्हीकडं सरळ बोलली. लखमाच्या सुनेनं चहा दिला आणि म्हणाली, पट्टी सकुबाईकडंच गेलीय ना, मंग आमची ना नाय. रखमीचा म्हातारा फक्त म्हणाला, “नाव राहील ना गो कुठं तरी?” हा प्रश्न लहानीनं घरी नेला.

बुधवारी नऊला जगन हजर. सोबत हनुमान, गोमाचा मुलगा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो मजा बघायला आला होता.

लहानीनं गोमातून पट्टी काढली, भागीत घातली आणि पेन ड्राइव्ह लावला. जगन खुर्ची ओढून समोर बसला. पडद्यावर टक्के चढायला लागले. दहा. अकरा. बराच वेळ अकरा.

“झोपली काय?” जगननं विचारलं.

“चालू हाय. बसा.”

चहा झाला. एकवीस टक्के. हनुमान बाहेर जाऊन आला. चौतीस. पंधरवड्याचे पेपर चाळून झाले. दुसरा चहा झाला. दोन तासांनी विंडोज चढली. लहानीनं वही उघडली, घड्याळ बघितलं आणि सराव परीक्षा चालू केली. गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. अकराव्या मिनिटाला पहिला प्रश्न आला. जगननं उत्तर दिलं, बरोबर होतं. दुसरं दिलं. चौथ्या प्रश्नाला पडदा गोठला. जगननं माउस टेबलावर आपटला.

“माउस नका आपटू. तो वाचनालयाचा हाय,” लहानी म्हणाली.

“माझी आई कवा कामाला एवढा येळ लावत नव्हती.”

“म्हणून तर तिला चालत्या जागी ठेवली होती.”

हनुमानला राहवलं नाही.

“आरं जगन, लावणीला आमच्या खाचरात सावडीवर पैली कोण उतरायची? भागीमावशी. तवा तुमच्या खाचरात कोण? माझा बाप. कुठली ओळ कुणी लावली, कुणी इचारलं काय कवा? दोन घरांची माणसं एका खाचरात उतरली, म्हणून तर पाऊस उघडायच्या आत लावणी उरकायची.”

“तवा नाव लिवलेलं नव्हतं कुठं,” जगन म्हणाला. “आता लिवलंय. एकाचंच.”

लहानीनं वही मिटली. “मंग दोघांचं लिहू. रखमीच्या म्हाताऱ्याचा पण हाच प्रश्न होता, नाव राहील ना. तिन्ही डब्यांवर दोन-दोन नावं.”

जगननं डब्याकडं बघितलं. उभा, अरुंद डबा. “वर कुणाचं?”

“बापाचं,” हनुमान म्हणाला.

“आईचं वर. रॅम तिची हाय.”

“डबा माझ्या बापाचा हाय!”

मला वाटलं, गेलं काम. लहानीनं गोमाचा डबा उचलला आणि टेबलावर आडवा ठेवला. उभ्याचं तोंड वीतभर रुंद होतं, आडव्याचं हातभर झालं. “आता वर-खाली नाय. शेजारी शेजारी.”

“डाव्या बाजूला कुणाचं?” हनुमाननं विचारलं.

“तुमी दोघं गप बसा,” लहानी म्हणाली. दोघं गप बसले.

मग माझं काम निघालं. आडव्या डब्यावर जुनं नाव उभं दिसत होतं, ते काढायला हवं होतं. दहा वर्षांचा ऑइलपेंट. थिनर लावला, मग पॉलिश पेपरनं घासला. घाई केली तर खालचा प्लास्टिकचा रंग जातो. एकेका डब्याला तास गेला. जगन म्हणाला, मी घासतो. त्याला मी कोंडूचा डबा दिला, गोमाचा दिला नाही. त्यानं चांगला घासला. लहानीनं मोजपट्टी धरून खडूनं रेघा आखल्या आणि पिवळ्या ऑइलपेंटनं अक्षरं काढली. तीन डबे, सहा नावं, सगळी एका उंचीची. कै. हा शब्द तिनं मध्ये एकदाच लिहिला, दोघांना मिळून.

मग भागीची पट्टी परत गोमात गेली. लहानीनं सराव परीक्षा पुन्हा तीनदा घेतली. मी म्हटलं, कालच घेतली होती. ती म्हणाली, पट्टी काल काढली नव्हती.

गुरुवारी साहेब अकराला आले. मागं चौदा जणी दाटीनं उभ्या, एकीच्या कडेवर लेकरू. बाकावर जगन आणि हनुमान, दोघांनी इस्त्रीचे शर्ट घातलेले. साहेबांनी गोमावर सराव परीक्षा चालू केली. एक मिनिट पन्नास सेकंद, मी मोजले. चाळीस प्रश्न, कुठं अडकली नाही. सकुबाईवर केली, कोंडूवर केली. मग त्यांनी वाकून संगणकाचं वय बघितलं.

“या मशिनवर हे चालायला नको होतं.”

“हो,” लहानी म्हणाली.

“मग कसं चालतं?”

लहानीनं वही पुढं केली. काय काढलं, काय घातलं, कधी, किती मिनिटं लागली, कुठं चुकलं. साहेबांनी चार पानं वाचली. “हे कायम असं चालेल याची खात्री नाही, हे माहीत आहे ना?”

“माहीत हाय. शेवटच्या पानावर तेच लिहिलंय. दर महिन्याला तपासायचं. नवीन संगणकाची मागणी पण लिहिलीय.”

साहेबांनी डब्यावर हात ठेवला. उचलला तेव्हा दोन बोटं पिवळी झाली होती. “आणि हे आडवे का ठेवलेत?”

“उभ्यात नावं बसत नव्हती.”

साहेबांनी नावं वाचली. खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली आणि फॉर्म भरायला घेतला. “चालू संगणक...”

“सहा लिवा, साहेब,” बाकावरून जगन म्हणाला.

लहानीनं मागं वळूनही बघितलं नाही. “तीन लिहा.”

साहेबांनी तीन लिहिलं. त्याखाली, केंद्र चालू ठेवावे, असं लिहून सही केली. मागं कोणीतरी टाळी वाजवली आणि कडेवरचं लेकरू रडायला लागलं. लहानी म्हणाली, तुमी सगळ्या इथंच हाय तर तासाचा वर्गच घेऊ. मग तिनं साहेबांना बोटांचा रंग काढायला थिनर कुठं आहे ते दाखवलं.