कोपऱ्यातली सही

मतपत्रिकेवर मी सही केली. गुप्त मतदानात, खाली कोपऱ्यात, तारखेसकट. तीस वर्षं हजेरीपटावर सह्या केल्यावर हात आपोआप चालतो.

वाशीतल्या आमच्या जुन्या कॉलेजच्या संस्थेची ती अध्यक्षपदाची निवडणूक. मतं मोजायला ऑफिसातले एक क्लार्क बसले होते, कारण दोन्ही बाजूंचा भरवसा त्यांच्यावरच. करावे गावचे, अकरा वर्षं हंगामी. कुठलाही कागद हाती आला की ओळींखालून बोट फिरवत, ओठ हलवत ते शेवटपर्यंत वाचतात; समोर प्राचार्य उभे असले तरी मान वर होत नाही. घाई केली की म्हणतात, "वाचू द्या, मंग बोला."

दोन्हीकडची मतं सारखी झाली आणि माझी पत्रिका उरली. माझं मत दोन उमेदवारांपैकी मॅडमना होतं. निवडून आल्यास क्लार्कना कायम करण्याचा शब्द मॅडमनी दिला होता, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. हॉलमध्ये आरडाओरड सुरू झाली. मी वाकून पुटपुटलो, "कोपरा फाडा की. तुमचंच भलं आहे."

त्यांनी सहीखाली बोट ठेवलं. ते बराच वेळ हललं नाही. मग त्यांनी पत्रिका बाद मतांत ठेवली. शेवटी चिठ्ठी टाकली, तीत मॅडम हरल्या. त्या निकालावरून भांडण अजून चालू आहे. क्लार्क अजून हंगामी आहेत.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला मी त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो. हातातला कागद वाचून संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"सर, सही करू नये असं वरतीच छापलेलं हाय. प्रश्न नीट वाचा म्हनून पोरांना तुमीच वरडता ना?"