दोनशे अहवालांनंतर थांबणारे साडभाऊ

संगणकाशी माझ्या साडभाऊंइतक्या, म्हणजे मेहुणीच्या नवऱ्याइतक्या, अदबीने वागणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसावा. गावी त्यांच्या घराण्याकडे तलावाचं पाणी पाळीपाळीने धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, सोडण्याचं काम होतं. तीच शिस्त त्यांनी माती परीक्षणाच्या एका खासगी प्रयोगशाळेत आणली. की-बोर्डला हात लावण्याआधी ते हात धूत. प्रिंटर सुरू असताना शेजारी कुणाला मोठ्याने बोलू देत नसत. एकदा मालकांचाच फोन वाजला, तर त्यांनाही व्हरांड्यात पाठवलं. "ते कामात आहे ना जी," एवढंच कारण दिलं.

धानाच्या रोवणीच्या आधी हजारो शेतकऱ्यांचे अहवाल एकदम छापायचे असत, प्रत्येकावर नत्र-स्फुरद-पालाशचा रंगीत आलेख. साडभाऊ दोनशे अहवाल काढत, प्रोग्रॅम बंद करत, बाहेर चहा पिऊन येत आणि मग पुढचे दोनशे घेत. मालक वैतागत. कामचुकारपणा म्हणून सगळे हसत, मीही हसे. मी विचारलं तेव्हा साडभाऊ म्हणाले, "दोनशेच्या वर गेलं का आलेख पांढरा पडते. काऊन पडते ते मले नाही माहीत. पण थकून राहिलं ते."

तो प्रोग्रॅम मीच लिहिलेला होता. एका रविवारी कुडव्याच्या माझ्या घरी मी तो उघडून बसलो आणि कान गरम झाले. आलेख रंगवायला संगणक प्रत्येक प्रोग्रॅमला मोजकेच ब्रश आणि पेन देतो. काम झालं की ते परत करायचे असतात. मी आलेखातल्या प्रत्येक स्तंभासाठी नवा ब्रश मागत होतो आणि एकही परत करत नव्हतो. वाटा संपला की आलेख कोरा; प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की वाटा पुन्हा पूर्ण.

चूक दोन ओळींत सुधारली. कबूल करायला मात्र जीभ उचलेना. मालकांना सांगितलं, की शीर्षकाचं अक्षर मोठं केलंय, आणि नवा प्रोग्रॅम टाकून आलो.

त्याच आठवड्यात साडभाऊ लग्नाला तिरोड्याला गेले आणि मालकांनी स्वतः छपाई लावली. सगळे अहवाल एका दमात निघाले. साडभाऊ परतल्यावर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "देख लिया भाऊ? मशीन नहीं थकती थी, आप थकते थे." मी तिथेच उभा होतो. प्रिंटरची वायर तपासत राहिलो.

साडभाऊंना मागच्या शेडमध्ये माती चाळायला बसवलं. पंधरा दिवसांनी मी तिथे जाऊन त्यांना सगळं सांगितलं. चाळणी थांबली.

"म्हंजे ते खरंच अडत होतं?"

"हो भाऊ."

"मंग मी खोटा नव्हतो."

मालकांनाही मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आता चालतंय ना, असं विचारलं आणि दुसऱ्या फोनला लागले. संगणकावर तोवर नवी मुलगी रुळली होती.

परवा शेडमध्ये गेलो तेव्हा पुढे प्रयोगशाळेतून प्रिंटरचा आवाज येत होता. साडभाऊ कान देऊन ऐकत होते. "चांगलं चालून राहिलं बाप्पा," ते म्हणाले. मी त्यांच्या आवाजात राग शोधत होतो. तो सापडला असता तर बरं वाटलं असतं.