शालूची खाचरं कुणी पुसली

खर्र.

मराठीच्या पुस्तकातून भाताची काडी ओढली की हा आवाज यायचा. पन्नासहून जास्त वर्षं झाली, कानातून गेलेला नाही.

कवितेचा तास असला की शालू सगळ्यांच्या आधी पान काढायची. प्रत्येक कवितेला एक काडी. पान दुमडलं की गुरुजी छडी द्यायचे, म्हणून तिने काढलेली ही युक्ती. अख्खा वर्ग सुरात कविता म्हणायचा आणि मी तिच्या पुस्तकाकडे बघत बसायचो.

पुढे ती माझी बायको झाली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. रडू येईल असं वाटलं होतं. सकाळपासून शिसारी येतेय.

शालू एका भात संशोधन केंद्रात टेक्निकल असिस्टंट होती. रिटायर झाली तरी कॉन्ट्रॅक्टवर परत बोलावलं, कारण मावळातल्या जुन्या, सुवासिक भातांचा जीनोम वाचायचं काम निघालं होतं.

जीनोम म्हणजे दाण्याच्या आत लिहिलेली कोट्यवधी अक्षरं. स्क्रीनवर पट्टीसारखी सरकत जातात. कुठे काही वेगळं दिसलं आणि खूण केली नाही, की हरवलं. म्हणून तिथे बुकमार्क ठेवायचा. त्याला नाव द्यायचं, खाली टीप लिहायची, फोल्डरमध्ये लावायचा.

बाकीचे नावाच्या जागी नंबर टाकायचे.

आमच्या बाईसाहेबांचे बुकमार्क असे: वडाखालचं. लव्हाळीचं. घसरडं. म्हातारीचं.

ज्या खाचरातून वाण आणलं, त्या खाचराचं नाव. टिपेत ते कसणाऱ्या बाईचं नाव, आणि भात रटरटताना वास कधी सुटतो ते त्या बाईच्याच शब्दांत.

मी हसायचो. "अगं, क्रोमोसोमला कुणी घसरडं म्हणतं का?"

"मग काय म्हणू, कविराज? तुमच्या आत्याच्या बारा खाचरांना बारा नावं होती. एकदा तरी दुसऱ्याच्या बांधात शिरली का ती?"

फोल्डर तीन. वरचं, मधलं, तळचं. नवी खूण वरच्यात पडायची. तीनदा तपासली की मधल्यात. पक्की झाली की तळच्यात.

"वरचं खाचर भरल्याशिवाय खालच्यात पाणी सोडायचं नाही," म्हणायची.

तिचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मॅडम, हा जीनोम आहे, सातबारा नाही." सगळे हसले. घरी येऊन तिने मला नक्कल करून दाखवली. तीही हसली. मग बराच वेळ भांडी घासत राहिली.

ती गेली तेव्हा केंद्रात शोकसभा झाली. फोटोला हार, समोर समई. तेच साहेब बोलले, "शालिनीताईंनी मागे ठेवलेला ठेवा आम्ही जिवापाड जपू." ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

परवा मी तिथे गेलो. म्हटलं, वर्षश्राद्धाआधी एकदा तिच्या खुणा बघू. वडाखालचं दिसेल, घसरडं दिसेल.

तिच्या खुर्चीवर एक पोरगी बसते. बिचारी चांगली आहे. खूप वेळ स्क्रीनवर शोधल्यासारखं केलं आणि म्हणाली,

"काका, ते क्लीनअपमध्ये गेलं. नावं स्टँडर्ड नव्हती ना. सरांनी डिलीट करायला सांगितलं."

"कधी?"

"शोकसभेच्या... सकाळीच."

म्हणजे सकाळी पुसलं आणि दुपारी हार घातला. थू.

आता कुठला नमुना कोणत्या बाईचा, कोणत्या खाचरातला, हे सांगणारं तिथे काही उरलेलं नाही. संशोधनाचा पेपर छापतील तेव्हा त्यात त्या बायका नसतील. शालू नसेल.

इथे थांबलो असतो तर मला बरं वाटलं असतं.

पोरगी म्हणाली, "पण मॅडम दर शनिवारी बुकमार्क एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर न्यायच्या. तुमच्या घरी असेल की काका!"

होता.

हिवाळ्यात तो घेऊन मी लोणावळ्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात गेलो होतो. मला त्यात शाळेतल्या कविता भरून हव्या होत्या, फिरताना ऐकायला. दुकानदाराने विचारलं, "काका, आत कसल्यातरी फाइल आहेत. ठेवायच्या का?"

मी वाकून बघितलं. आणि मी, कवितेवर जीव टाकणारा मी, म्हणालो,

"उडव रे. नुसते आकडे आहेत."

नीट बघितलं असतं तर आकड्यांच्या शेजारी खाचरांची नावं दिसली असती. चष्मा घरी होता. हेही कारण म्हणून सांगायची लाज वाटते.

पुण्यात नेऊन दाखवला. वरून दुसरं भरलंय, आता निघणार नाही, म्हणाले.

तेव्हा त्या साहेबाची किळस येते ती येतेच. पण दाढी करताना आरशात जो दिसतो, त्याची जास्त येते. तिच्या कामाला आम्ही दोघांनीही कचरा म्हटलं. त्याने निदान उघडून वाचलं तरी होतं.

कृपा करून या पोस्टखाली श्रद्धांजली लिहू नका. हात जोडलेली चित्रं तर मुळीच नकोत.

शालू, इथे थांबतो. माफी मागायचं तोंड नाही.

एवढं लिहिलं आणि दाराची कडी वाजली.

साठीची बाई. डोक्यावर पदर, काखेत पिशवी. कधी पाहिलेली नाही.

"शालूबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं? म्या हिराबाय, तिकोना पेठेकडची. कामशेतवरनं गाडी बदलून आले. लय हुडकलं घर."

मी दार पूर्ण उघडलं.

"बाईंनी वाण नेलतं माजं. म्हनल्या व्हत्या, हिराबाय, तुज्या खाचराचं नाव कंप्युटरात ठिवलंय, कवाबी ये, दावते. आता खाचर न्हाई ऱ्हायलं बघा. पोरांनी इकलं, बंगल्याचा पाया खांदलाय तितं. म्हनलं, कंप्युटरात तरी बघून यावं."

चपला काढून ती उंबऱ्याशी उभी आहे.

"बाई हाईत ना घरात, भाऊ?"