विठोजीअण्णाचे तीन पंप

पाण्यावर पोट भरणारा माझा चुलतभाऊ विठोजी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरला नाही. त्याला पोहता येत नव्हते आणि ते तो लपवतही नसे. लग्नानंतर जमनावहिनी त्याला श्रीरंगपट्टणला नदीवर घेऊन गेली, तर हा घाटाच्या कोरड्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत राहिला. ही गोष्ट सांगून वहिनी आम्हाला पोट धरून हसवायची. आता ती सांगत नाही, आणि दुसऱ्या कुणी काढली तर मी उठून जातो.

चामराजपेटेत अण्णाला ओळखत नाही असे घर नव्हते. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येते. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, तिला इकडे सगळे संप म्हणतात, आणि तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. हे चढवण्याचे काम म्हणजे अण्णाचा हातखंडा. सांधा त्याने आवळला की थेंब गळायचा नाही. एखाद्या घरी गळला तर तो भर दुपारी, जेवण अर्धवट टाकून, शिव्या देत जायचा. शिव्या स्वतःलाच असायच्या, पण समोरच्या बाईला ते कळायचे नाही आणि ती बिचारी घाबरून जायची.

हाताने फिरवायच्या वॉलचा, म्हणजे पाइपवरच्या चावीचा, त्याला मनस्वी राग होता. लोक तो बंद करायला विसरतात आणि मग भरलेली टाकी रात्रीतून परत खाली उतरते, हे त्याने शंभरदा पाहिले होते. म्हणून तो प्रत्येक पाइपला नॉन-रिटर्न वॉल घालायचा. त्याच्या आत एक झडप असते. ती पाण्याला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. माणूस विसरतो, वॉल विसरत नाही, असे तो म्हणायचा. वीस वर्षे त्याचे हे म्हणणे खरे ठरले होते. त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती, माझी तर नाहीच.

माझी गोष्ट वेगळी होती. माझे वडील लवकर गेले. सिटी मार्केटजवळच्या पाइपच्या दुकानात मला अण्णानेच चिकटवले आणि माझ्या लग्नात वडिलांच्या जागी तोच बसला. त्याच्यापुढे मी तोंडातून ब्र काढत नसे. हा माझा चांगुलपणा होता असे मला तेव्हा वाटायचे. आता वाटत नाही.

अठ्ठ्याण्णव साली, दिवाळी झाल्यावर, अभिराज नावाचा तरुण आमच्या दुकानात आला. वडिलांचा ग्रॅनाइटचा व्यापार, स्वतः पाच वर्षे अमेरिकेत राहून आलेला. येताना त्याने तिथले एक वेड आणले होते. बोटीमागे दोरी धरून पाण्यात एका फळीवर उभे राहायचे आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उड्या मारायच्या. लाट मोठी हवी तर बोट जड हवी. त्यासाठी त्याने रबरासारख्या कापडाच्या तीन मोठ्या पिशव्या आणि बारा व्होल्टचे तीन पंप मागवले होते. पिशव्या बोटीत ठेवायच्या, तळ्याचे पाणी पंपाने त्यांत भरायचे, खेळ संपला की पिशवीच्या दुसऱ्या तोंडातून उपसून टाकायचे. देवनहळ्ळीच्या पुढे, एका मोठ्या केरेच्या म्हणजे तलावाच्या काठावर त्याचे शेतघर होते आणि बोट तिथल्या शेडमध्ये चाकांच्या गाड्यावर चढवून ठेवली होती. हे सगळे जोडून देणारा माणूस त्याला हवा होता. मी अण्णाचे नाव सांगितले. मीच सांगितले.

अण्णाने ऐकले आणि तो हसला. संपातून टाकीत चढवायचे तसेच तळ्यातून पिशवीत चढवायचे, त्यात काय, असे म्हणाला. पण पहिल्या दिवशी बोटीच्या तळाला भोक पाडायची वेळ आली तेव्हा तो जरा थबकला. गोल करवत ड्रिलला लावून तो गाड्याखाली पाठीवर आडवा झाला होता. वर पांढराशुभ्र तळ, त्यावर पेन्सिलीने काढलेली तीन वर्तुळे. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला मुद्दाम भोक पाडायचे हे मलाही पटत नव्हते. अण्णाने देवाचे नाव घेतले आणि करवत चालवली. फायबरचा भुगा त्याच्या मिशीवर पडत राहिला.

पंपांसोबत चार पानांचा इंग्रजी कागद आला होता. तो मी वाचला. मला अडखळत का होईना, इंग्रजी येते. त्यात दोन गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या होत्या. भोकापाशी प्रत्येक पाइपला हाताने बंद करायचा वॉल लावा आणि पिशवी भरली की तो बंद करा. आणि पिशवी भरल्यावर जास्तीचे पाणी जिथून बाहेर पडते ती नळी बोटीच्या बाजूला, शक्य तितक्या उंचावर बाहेर काढा.

दुसऱ्या गोष्टीला अभिराजच नाही म्हणाला. चकचकीत निळ्या रंगाच्या बाजूला आणखी तीन भोके त्याला नको होती. मग अण्णाने त्या तिन्ही नळ्या आतल्या आत फरशीखाली, बोटीच्या पोटात सोडल्या. तिथे साचलेले पाणी बाहेर फेकणारा एक छोटा पंप आधीपासून होताच. पहिली गोष्ट मी अण्णाला सांगितली.

"अण्णा, यात हातानं बंद करायचा वॉल लाव म्हणून लिहिलंय."

"लिहिणारा अमेरिकेत बसलाय," अण्णा म्हणाला. "तिथले लोक आठवणीनं बंद करत असतील. इथं कोण करतंय? तू तीन नॉन-रिटर्न आण. सरी होतंय, काळजी नको."

पितळेचे हाताचे वॉल माझ्या दुकानात समोरच्या फळीवर होते. त्यांच्या शेजारून मी नॉन-रिटर्न उचलले आणि घेऊन गेलो.

काम चार दिवस चालले. शेवटच्या दिवशी शेडमध्येच चाचणी घेतली. गाड्याखाली जमिनीवर पाण्याने भरलेली पिंपे ठेवली आणि भोकांतून पाइप त्यांत सोडले. मोटरा चालू केल्या. पिशव्या टम्म फुगल्या. मोटरा बंद केल्या आणि सगळे जागच्या जागी थांबले. ना थेंब गळला, ना थेंब मागे आला. अभिराजने टाळ्या वाजवल्या. अण्णा नुसता मिशीवरून हात फिरवत होता, म्हणजे खूश होता.

रविवारी बोट पाण्यात उतरवायची ठरली. वहिनी म्हणाली, मी पण येते, लग्नाला अठरा वर्षे झाली, मला कुठे नेले नाहीस. तिने चित्रान्न आणि वांग्याची भाजी करून डबा बांधला आणि नवी साडी नेसून आली. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडल्याने केरे काठोकाठ भरली होती. पाणी चहाच्या रंगाचे आणि इतके स्थिर, की बघणाऱ्यालाच आवाज करू नये असे वाटावे. बांधाजवळ वीस फूट खोल आहे, असे तिथला मासेमार म्हणाला. पलीकडच्या काठाला तो आपली गोल डोंगी उपडी घालून डांबर लावत बसला होता.

आमच्या घरात एक रीत आहे. आजोबांपासून चालत आलेली. काम पुरे झाले की मोटरीला हळदकुंकू लावायचे, लिंबू कापायचे, आणि त्यानंतर पहिले पाणी चढून उतरेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. पूजा झालेला सांधा सोडला तर केलेल्या कामावर आपलाच भरवसा नाही असे होते. अण्णाने काठावरच, बोट गाड्यावर असताना, तिन्ही पंपांची पूजा केली. मग गाडा मागे ढकलत पाण्यात नेला आणि बोट तरंगली.

ती तरंगली तेव्हा मी कमरेइतक्या पाण्यात, तिला धरून उभा होतो. बाहेरून पाणी माझ्या कमरेशी होते. आत डोकावून पाहिले तर फरशी त्याहून चांगली हातभर खाली. पंप त्या फरशीच्याही खाली. तिथेच मला सगळे कळले. शेडमध्ये पाणी खाली होते आणि पिशव्या वर. इथे तळे वर होते. आता मोटर बंद केली तरी पाणी थांबणार नव्हते. एकदा पाइप भरले की ते आपल्या आपण येत राहणार, पिशवीतून नळीत, नळीतून बोटीच्या पोटात, आणि तिथल्या छोट्या पंपाला ते आवरणार नव्हते. आणि आमची झडप बाहेर जाणाऱ्याला अडवणारी होती. आत येणाऱ्याला ती दार उघडून देणार होती.

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "पाणी वर आहे."

"म्हणजे?"

"आपल्या पंपांपेक्षा तळ्याचं पाणी वर आहे. मोटर बंद केल्यावरही येईल."

बोटीच्या नाकाशी गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या अण्णाने एकदा बाहेर पाहिले, एकदा आत. त्याचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्याला कळले होते असे मला वाटते. निदान अर्धे तरी कळले होते. पण काठावर अभिराजचे दोन मित्र आणि बोट चालवणारा ड्रायव्हर तयार होऊन उभे होते, वहिनी नव्या साडीत बघत होती आणि पंपांवरचे कुंकू अजून ओले होते.

"पूजा झालीय, गुंडो," तो म्हणाला. "आता पाना लावायचा नाही. एक चक्कर मारून येऊ दे, मग बघू."

आपण फळीवर असताना पंपांची बटणे बघायला कुणीतरी हवे, म्हणून अभिराजने अण्णालाच बोटीत बोलावले होते. अण्णा मला म्हणाला, तू पण चल, दोघे असलो की बरे. मी म्हणालो, मला बोट लागते, ओकारी होते. मी आयुष्यात त्याआधी कधी बोटीत बसलो नव्हतो. मला भीती वाटली होती, एवढेच. त्याला एक केशरी जाकीट घातले, ते त्याच्या पोटावर कसेबसे बसले. चढताना त्याने वहिनीकडे पाहून हात हलवला. असला लाडीगोडीचा प्रकार तो कधी करत नसे.

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. लाट खरेच मोठी उठत होती आणि अभिराज तिच्यावरून उड्या मारत होता. बोट पळत होती तोवर ती पाण्यावर उचललेली राहत होती आणि माझा जीव थोडा थाऱ्यावर होता. मग ती मधोमध थांबली. अभिराज वर चढला. खायचे काढले असावे. गाणी इथपर्यंत ऐकू येत होती. मी बोटीच्या मागच्या कडेवरची नजर काढली नाही. ती कड पाण्याच्या जवळ येत होती. इतकी सावकाश की डोळा मिटून उघडला तरी फरक दिसत नव्हता, आणि दोन मिनिटांनी पाहिले तर दिसत होता.

"मागनं खाली का वाटतीय रे?" वहिनीने विचारले.

"लाट मोठी पाहिजे म्हणून जड केलीय," मी म्हणालो.

मग अण्णा उभा राहिलेला दिसला. त्याने वाकून काहीतरी पाहिले, घाईघाईने जाकीट काढून बाकावर टाकले आणि मागच्या बाकाखालच्या खणात डोके घालून तो दिसेनासा झाला. जाकीट घालून त्या खणात शिरता येत नव्हते, हे मला माहीत होते. चार दिवस आम्ही तिथेच काम केले होते. मी काठाने धावत सुटलो आणि मासेमाराला हाका मारत राहिलो. मागे वहिनी काय झाले, काय झाले म्हणून विचारत होती. मी थांबून सांगितले नाही. गाणी अजून वाजतच होती. मग ती एकदम बंद झाली, आणि मी वळून पाहिले तेव्हा बोटीचे फक्त निळे नाक पाण्याबाहेर होते.

केशरी जाकिटांत चार डोकी तरंगत होती. मी ती पुन्हा पुन्हा मोजली. डोंगीवाल्याने चौघांना एकेक करून काठावर आणले. अण्णाला वर काढायला दुपारचे तीन वाजले.

तिसऱ्या दिवशी अभिराज आमच्या घरी आला. खुर्ची दिली तर खाली बसला. शेतावर लोक फिटरची चूक म्हणत होते, पण त्याने ते तोंडातून काढले नाही, आणि त्याबद्दल मी त्याला मानतो. झाले ते त्याने कन्नडमध्ये सांगितले. अण्णाने खणात शिरून नळ्या हुडकल्या. नळी दुमडून धरली की पाणी थांबते, हे कुठल्याही नळवाल्याला ठाऊक असते. त्याने दोन नळ्या दोन मुठींत दुमडून धरल्या. तिसरीतून पाणी येत होते. तो ओरडला, ही कुणीतरी धरा, एवढी एकच धरा, बोट बुडत नाही. कुठली नळी, कशी धरायची, कुणाला समजले नाही. मग पाणी वर आले आणि सगळ्यांनी उड्या टाकल्या. अभिराजने त्याला हाक मारली होती. तो म्हणाला, मी सोडलं तर जाईल, आणि हात सोडले नाहीत.

अभिराज गेला. घरात बाया बसल्या होत्या. वहिनीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते.

"तुला ओकारी होते म्हणून तू गेला नाहीस," ती म्हणाली. "गेला असतास तर तिसरी तू धरली असतीस, न्हवं?"

"होय वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तेव्हापासून घरी कुणीही आले की ती सांगते, आमचा गुंडो त्या दिवशी बोटीत असता तर हे वाचले असते. बोलताना ती माझ्या पाठीवर हात ठेवते, आणि मी बसून ऐकतो.