अकरावा ठसा

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या अंकातलं हे गूढ अनुभवांचं सदर मामी मोठ्यानं वाचायला लागली, की मी भांडी विसळायचं निमित्त करून किचनमध्ये निघून जायचे. गेल्या महिन्यात तीच म्हणाली, "तुझं लिही ना गं. मनात ठेवून किती वर्षं काढणार?" म्हणून लिहितेय. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहायची सवय नाही. मामी शुद्धलेखन तपासेल, मजकुराला हात लावणार नाही - तसं ठरलंय आमचं.

गोष्ट नॉटिंगहॅममधली आहे, नव्वदच्या पुढच्या वर्षांतली. मामा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी साताऱ्याहून त्याच्याकडे राहायला आले ती फॉरेन्सिक सायन्स शिकायला. बारावी आर्ट्सची असल्यामुळे थेट डिग्रीला प्रवेश नव्हता. आधी फाउंडेशन इयर करायचं, म्हणजे एका वर्षात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि लॅबचं काम. ठरलेले मार्क पडले तर डिग्री, नाहीतर परत घरी.

बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. "खून-दरोडे बघायला मुलीला विलायतेला पाठवायचं?" असं ते महिनाभर म्हणत होते. आई हायस्कूलमध्ये शिकवायची. तिनं एकाच वाक्यात विषय संपवला - "अनू बोलत नाही, पण बघते. तिला बघायचंच काम करू दे."

डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा सरावासाठी मी आईच्या बोटांचे ठसे घेतले. स्टॅम्पपॅडची शाई आणि एक पांढरं कार्ड.

"एम.ए., बी.एड. झालेय मी," आई म्हणाली, "आणि पोटची पोर माझा अंगठा घेतेय!"

"अंगठा नाही, दहाही बोटं हवीत."

"बाई गं! एवढी कुठली इस्टेट लिहून घेणार आहेस?"

मग तिनं माझे हात उजेडात धरून शंख-चक्रं मोजली. माझ्या दहाही बोटांवर शंख. तिच्या फक्त उजव्या अंगठ्यावर चक्र होतं, आणि त्या चक्रावरून तिरका गेलेला एक व्रण. सुरण चिरताना विळी लागली होती, मी लहान असताना. व्रण खालच्या टोकाला दुभंगलेला होता, झाडाला फांदी फुटावी तसा. ते कार्ड मी फाईलमध्ये ठेवून इकडे आणलं.

आईचं हार्टचं दुखणं मला माहीत होतं. पण ते "गोळ्या चालू आहेत" एवढंच.

जूनमध्ये परीक्षा होती. दर रविवारी सकाळी मामा साताऱ्याला फोन लावायचा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, रविवारी, तो म्हणाला, "लाईनच लागत नाहीये आज." त्याचे डोळे लाल होते. "हे फीव्हर," तो म्हणाला, म्हणजे परागकणांची अॅलर्जी. जून महिना, निम्म्या इंग्लंडचे डोळे लाल असतात. मी मान डोलावली. त्या दिवसापासून तीन दिवस मामीच्या देवघराचा पडदा ओढलेला होता, दिवा नव्हता. मी विचारलं तर "अडचण आहे मला" म्हणाली. मामा तीन दिवस दाढी न करता घरीच होता. "लीव्ह शिल्लक होती," म्हणाला.

हे सगळं मी पाहिलं. बघायचंच शिक्षण घेत होते मी... आणि अभ्यासाच्या टेबलाकडे परत गेले.

पुढच्या रविवारी फोन लागला. बाबा होते.

"आई कुठाय?"

"देवळात गेलीय."

"आत्ता? माझ्या फोनच्या वेळी?"

"येईल... तू अभ्यास कर, बाळा."

बाबा मला कधी बाळा म्हणत नाहीत. माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण मी चिडले होते. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल, आणि आई देवळात! मी म्हटलं, "तिला सांगा, पुढच्या रविवारी मलाही वेळ नाही." आणि फोन मामाच्या हातात दिला.

सोमवारी दुपारी दोनला प्रॅक्टिकल सुरू झालं. लॅब पहिल्या मजल्यावर, मोठ्या खिडक्या, लख्ख ऊन. आमच्या टीचर मिसेस प्रायर. आधी पोलिसांच्या लॅबमध्ये होत्या. त्यांचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं - जे वहीत लिहिलं नाही ते घडलंच नाही. दिसेल ते त्याच क्षणी पेनानं लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारून वर दुरुस्ती करायची आणि सही करायची.

काम सोपं होतं. काचेची टाइल स्पिरिटनं पुसायची, ती स्वच्छ असल्याचं पार्टनरनं टॉर्च तिरका धरून तपासायचं आणि वहीत सही करायची. मग ग्लोव्ह्ज काढून स्वतःची दहा बोटं काचेवर उमटवायची, अॅल्युमिनियमची पावडर मऊ ब्रशनं फिरवायची, उठलेले ठसे टेपवर उचलायचे आणि प्रत्येकावर लेबल लावायचं.

माझा पार्टनर रे. चाळिशी उलटलेला, आधी बस चालवायचा. नॉटिंगहॅमच्या पद्धतीप्रमाणे तो सगळ्यांनाच "डक" म्हणायचा.

"आरशासारखी आहे, डक," टाइल तपासून तो म्हणाला आणि त्यानं सही केली. "हिच्यात बघून टाय बांधता येईल."

मी बोटं उमटवली, पावडर फिरवली. मोजले तर ठसे अकरा.

अकरावा माझ्या उजव्या अंगठ्याच्या अगदी शेजारी होता, त्याला टेकून. आकारानं थोडा मोठा. लेन्स लावली. चक्र होतं. चक्रावरून तिरका व्रण, खालच्या टोकाला दुभंगलेला.

सवयीनं हात चालत होता. वहीत लिहिलं - एक जादा ठसा, उजवा अंगठा, चक्र, तिरका व्रण. बाजूला छोटी आकृतीही काढली. मग पेन थांबलं.

रेनं माझ्या हातातून लेन्स घेतली. "हा कोण? हा तू नाहीस, डक. तुझे तर सगळे लूप आहेत." लूप म्हणजे आपला शंख. त्यानं स्वतःचा अंगठा पुढे केला. "मीही नाही. माझ्या अंगठ्यावर कसला कट नाही."

मिसेस प्रायर आल्या, वाकून पाहिलं. "टाइल नीट साफ झाली नसेल."

"मी तपासली होती," रे म्हणाला.

"मग जे आहे ते आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "परीक्षा तुमची आहे, मिस. हा ठसा उचललात तर रिपोर्टमध्ये तो कुणाचा, कसा आला ते द्यावं लागेल. नाहीतर टाइल पुसा आणि नव्यानं सुरू करा. पंचवीस मिनिटं आहेत."

त्या क्षणी मला काय वाटत होतं ते खरं सांगते. तो ठसा कुणाचा, ते मला कळलं होतं. लेन्स लावली तेव्हाच कळलं होतं. कार्डावरून काचेवर गेला असेल म्हणावं, तर कार्ड मामाच्या घरी होतं आणि शाई सहा महिन्यांपूर्वीच वाळलेली. मला भीती वाटली. आणि भीतीपेक्षाही - लाज वाटते लिहायला - मार्क जातील असं वाटलं. रिपोर्टमध्ये काय लिहिणार होते? साताऱ्यात असलेल्या माझ्या आईचा अंगठा?

मी कापडावर स्पिरिट घेतलं आणि पुसलं. एकदा पुसून गेला नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा पुसलं. वहीत लिहिलं - "कुणाचा ते अज्ञात. पुसला." खाली सही केली. रेनंही साक्षीदार म्हणून केली.

दुसऱ्या खेपेला ठसे दहाच आले.

गुरुवारी शेवटचा पेपर झाला. बाहेर मामा गाडी घेऊन उभा होता. तो मला घ्यायला कधीच यायचा नाही, मी बसनं जायचे. मी आत बसले. त्यानं गाडी सुरू केली नाही.

"पेपर कसा गेला?"

"बरा."

"सगळे संपले ना? नक्की?"

"हो. का?"

त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "अनू, ताई गेली गं. आज बारावा आहे."

मी मनात उलटे दिवस मोजले. लाईन लागली नव्हती तो रविवार. पडदा. दाढी. देऊळ. सगळा पुरावा घरात मांडून ठेवलेला होता, लेबलं लावायची तेवढी बाकी होती.

घरी मामी दारातच उभी होती. मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी. "मला सांगायचं नाही? माझी आई होती ती! तुम्ही कोण ठरवणार?"

मामीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्संनीच ठरवलं होतं गं. आदल्या दिवशी हॉस्पिटलातून फोन करवून घेतला त्यांनी. ह्यांना शपथ घातली. म्हणाल्या, 'मला काही झालं तरी अनूची परीक्षा संपेपर्यंत कुणी तिला सांगायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही.'"

साताऱ्याला जाऊन परत आल्यावर मी मिसेस प्रायरकडे गेले, प्रॅक्टिकलची वही मागितली. त्यांनी काढून दिली. मी शेजारी आईचं कार्ड ठेवलं. त्या लेन्स घेऊन बराच वेळ बघत राहिल्या - कार्ड, आकृती, पुन्हा कार्ड.

"आकृतीवरून मला काहीच म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ठसा उचलला असता तर सांगता आलं असतं." मग कार्डावर वर लिहिलेलं नाव त्यांनी वाचलं. "ह्या कोण?"

"माझी आई."

त्यांनी कार्ड मला परत दिलं. वही मिटून माझ्याकडे सरकवली. "ही तुम्ही ठेवा."

रेला विचारलं तर तो म्हणाला, "पाहिला ना, डक. उगीच सही करतो का मी?"

परीक्षा पास झाले. डिग्री झाली. आता एका लॅबमध्ये हेच काम करते. कुणी म्हणेल, आईचा व्रण माझ्या डोळ्यांत होता, म्हणून मला तो काचेवर दिसला. मीही स्वतःला तेच सांगते. मग रेला चक्र आणि कट कसा दिसला? मिसेस प्रायरना ठसा कसा दिसला? आणि टाइल खराबच होती म्हणावं, तर तोच अंगठा, तोच व्रण, माझ्याच अंगठ्याशेजारी? आईनं मला सांगायची सगळ्यांना बंदी घातली होती... त्यात ती स्वतः धरलेली होती का, एवढंच कधीकधी मनात येतं.

वही कार्डासोबत माझ्या कपाटात आहे. नियमाप्रमाणे चुकीच्या ओळीवर एक रेघ मारून वर बरोबर काय ते लिहिता येतं. मी दोन-तीनदा पेन घेऊन बसले. "कुणाचा ते अज्ञात" एवढ्या शब्दांवर रेघ मारता येईल, कदाचित. पण पुढचा "पुसला" हा शब्द बरोबर आहे. तो तसाच राहणार.