अब्बांची तिसरी बोली

चंद्रपुरात मला कोणी विचारलं की तू काय करतेस, आणि मी म्हटलं की माणूस लक्ष कसं देतो, आठवतो कसं, बोलतो कसं याचा अभ्यास करते, तर समोरचा मान डोलावून म्हणतो, "म्हणजे पागलांची डॉक्टर." पहिले मी चिडायची. आता म्हणते, हो, आणि तुमचा नंबर उद्याचा.

हे शास्त्र मी नागपुरात शिकले, पुढे पुण्यात शिकवलंही. पण त्याची गोडी लावली ती अब्बांनी. अब्बा बांगड्या भरायचे. शहरात आमचं छोटंसं दुकान होतं, पण त्यांचा जीव रमायचा गडचिरोलीच्या पलीकडच्या आठवडी बाजारांत. काचेची बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडली की बाई हात आखडते, आणि हात आखडला की बांगडी फुटते नाहीतर कातडी सोलते. अब्बा नेमके तेव्हाच गप्पा सुरू करायचे. वाघाच्या, एसटीच्या कंडक्टरच्या, नाहीतर स्वतःच्याच फजितीच्या. बाई हसायला लागली की हात सैल, आणि बांगडी मनगटात. सुटीत मी त्यांच्यासोबत जायची आणि तोंड वासून बघत बसायची. पुढे वर्गात अवधानाचा धडा आला, तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आमच्या घरचंच आहे!

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी पुण्याहून धावत आले. घरात आमची उर्दूवळणाची हिंदी, गल्लीत मराठी. मी दोन्ही भाषांतून विचारून पाहिलं. चमचा दाखवला, कंगवा दाखवला. "अब्बा, पानी चाहिए?" अब्बा माझ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि घशातून नुसती घरघर यायची. दुसऱ्या रोग्यांच्या घरच्या माणसांना मी किती शांतपणे समजावत असे! इथे मात्र मागच्या अंगणात जाऊन रडले.

महिने गेले, फरक नाही. त्यातच धाकट्या बहिणीसाठी चाचांनी, म्हणजे अब्बांच्या भावाने, गडचांदूरचं स्थळ आणलं. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात पर्मनंट. निकाहला मुलीच्या बाजूने वली, म्हणजे संमती देणारा पालक, लागतो, आणि तो मान बापाचा. बाप भानावर नसेल आणि घरात मुलगा नसेल, तर चुलता. चाचा म्हणाले, "भाईजान को अब कुछ समझता नहीं. वली मैं बन जाता हूँ." चाचा काही वाईट माणूस नव्हते. भावाचं घर अचानक अंगावर पडलं म्हणून घाई करत होते बिचारे. पण माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. कारण ते खरं असेल, तर अब्बा आमच्यासमोर बसूनही गेलेले होते. आणि खोटं असेल, तर ते आत कोंडलेले होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मुलीचा बाप दुसराच कोणी होणार होता.

शिकताना वाचलं होतं की डोक्यात दोन-तीन भाषा असलेल्या माणसाची एक भाषा जाते आणि कधीकधी दुसरी टिकते. कोणती टिकेल, ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग एका सकाळी अम्मी त्यांची दाढी करत होती आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अब्बांना तिसरी भाषा येत होती ना! गोंडी. बाजारात बसून बसून शिकलेली, आणि घरात आम्हा कोणाला एक अक्षर न येणारी. त्या भाषेत त्यांच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

मी जीप ठरवली. चाचा म्हणाले, "तू पागल हो गयी है क्या?" मी म्हटलं, पागलांचीच तर डॉक्टर आहे मी. कुरकुरत का होईना, अब्बांना उचलायला चाचा आले. त्यांना धरून बसायला बहीण आली.

बाजारात अब्बा बसायचे त्या मोहाच्या झाडाखाली आम्ही खुर्ची ठेवली. शेजारी चिंच विकणारी एक म्हातारी गोंड बाई होती. तिच्या, तिच्या लेकींच्या, सुनांच्या बांगड्या अब्बांनीच भरलेल्या. "भाऊ! कुठी होता इतके दिस?" म्हणत ती आली आणि त्यांचं वाकडं तोंड पाहून थबकली. मग तिने खाली बसून त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि गोंडीत काहीतरी बोलली.

अब्बांनी झटकन मान वळवली. ओठ थरथरले. आणि ते म्हणाले, "येर."

"पानी मागून राह्यले ना भाऊ," बाई आमच्यावरच खेकसली. "द्या ना! पाहून काय राह्यले?"

या अल्ला! स्वतःच्या घरात इतके महिने ज्यांना पाणी मागता आलं नव्हतं, त्यांनी परक्या गावात, झाडाखाली, पाणी मागितलं. बहिणीने त्यांच्या तोंडाला लोटा लावला आणि ते गटागटा प्यायले. आईकडून आलेली भाषा पार पुसली गेली होती, आणि पोटासाठी मोठेपणी शिकलेली मागे राहिली होती. पुढची सगळी वर्षं मी अनेक भाषा बोलणाऱ्या आजारी माणसांसोबतच काम केलं. पुष्कळ पाहिलं. पण त्या दुपारी माझ्या अंगावर जो काटा आला, तो अजून आठवला तरी येतो. माणसाच्या डोक्यात देवाने केवढी जागा करून ठेवली आहे!

मी बाईला मराठीत म्हटलं, "यांच्या धाकट्या पोरीचं लग्न ठरतंय. त्यांचा होकार आहे का, विचारता?" चाचा खुर्चीमागे उभे होते. बाईने विचारलं. अब्बा अडखळत, थांबत, एकेक शब्द ओढून काढत बोलले. बाईने ऐकून घेतलं आणि सरळ माझ्या बहिणीकडे पाहिलं.

"ते म्हंते, पोरीले इचारलं का?"

चाचा खुर्चीच्या मागून पुढे आले आणि भर बाजारात, मातीत, अब्बांच्या पायाशी बसले. "भाईजान," ते म्हणाले, "वली तो आप ही हो." आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

बाई बहिणीला म्हणाली, "सांग ना वं, बाप इचारून राह्यला."

बहिणीने अब्बांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "नहीं अब्बा," ती म्हणाली. "किसी ने नहीं पूछा."

ती भाषा आता अब्बांची राहिली नव्हती. बाईने ते गोंडीत सांगायला तोंड उघडलं, पण अब्बा तिच्यासाठी थांबलेच नाहीत. त्यांनी डावा हात बहिणीच्या डोक्यावर ठेवला, चाचांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.